इन्सर्ट लवकर का जातो? सीएनसी लेथवर टूलचे दोष ओळखणे आणि दुरुस्त करणे

टूल टिकत नाही अशी तक्रार आली की शॉपवर पहिला हात ओव्हरराइडच्या, म्हणजे चालू स्पीड टक्क्यांत कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर जातो. शंभर टक्क्यांवरचा स्पीड ऐंशीवर येतो. एन८ (मध्यम कार्बन स्टील) रफिंग करताना, म्हणजे जाड थर काढताना, इन्सर्ट (होल्डरला बसणारा, बदलता येणारा कापणारा तुकडा) खरोखर उष्णतेने झिजत असेल, तर त्याने फरक पडतोही. पण जॉब एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चा असेल आणि धारेवर मटेरियल चिकटत असेल, तर स्पीड कमी केल्याने दुखणे वाढते. तक्रार दोन्हीकडे एकच, उपाय मात्र उलटे. म्हणून नॉबला हात लावण्याआधी वापरलेला इन्सर्ट भिंगाखाली बघायचा.

पुढची सगळी माहिती सीएनसी लेथ आणि कार्बाइड इन्सर्ट धरून आहे. उदाहरणे मुख्यतः सीएनएमजी १२०४०८ ची, कारण भोसरी-चाकणपासून सातपूरपर्यंत बहुतेक टरेटवर (टूल बसवायच्या फिरत्या भागावर) हा असतोच. नावातले शेवटचे ०८ म्हणजे नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ मिमी. हा आकडा पुढे वारंवार लागेल.

मशीन थांबल्यावर आधी काय बघायचे

१. खराब झालेला कॉर्नर फिरवून लगेच पुढे जाऊ नका. इन्सर्ट काढा, कॉर्नरवर मार्करने खूण करा, कूलंट पुसा आणि १० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने बघा. नुसत्या डोळ्यांनी दिसते ते ‘गेलाय’ एवढेच. कसा गेला ते भिंगाशिवाय कळत नाही.

२. तीन जागा बघा. जॉबला घासणारी उभी बाजू, म्हणजे फ्लँक. चिप जिच्यावरून वाहते ती वरची बाजू. आणि डेप्थ ऑफ कट (कटाची खोली) जिथे संपते ती रेषा, जिथे जॉबचा बाहेरचा पृष्ठभाग धारेला लागतो.

३. या कॉर्नरवर किती जॉब झाले, व्यास किती, फीड (एका फेऱ्यात टूल किती मिमी सरकते) आणि डेप्थ किती, मटेरियलचा लॉट कोणता, हे लिहून ठेवा.

४. खरा कटिंग स्पीड काढा. सूत्र सोपे आहे: ३.१४ × व्यास (मिमी) × आरपीएम ÷ १०००, उत्तर मीटर प्रति मिनिट.

चौथ्या पायरीत बऱ्याचदा चोर सापडतो. प्रोग्रॅममध्ये जी९६ (कटिंग स्पीड स्थिर ठेवणारी आज्ञा) एस२०० लिहिलेले असते, म्हणून सगळे धरून चालतात की स्पीड २०० आहे. पण वर जी५० एस१५०० ची, म्हणजे कमाल १५०० आरपीएमची मर्यादा असते. व्यास २५ मिमी असेल तर २०० मीटरसाठी जवळपास २५५० आरपीएम लागतील. मशीन १५०० च्या पुढे जाणार नाही, म्हणजे प्रत्यक्षात स्पीड ११८ च्या आसपास. ग्रेड (इन्सर्टच्या कार्बाइड आणि कोटिंगचा प्रकार) २०० च्या हिशोबाने निवडलेला आणि चालतोय ११८ वर. मात्र जी५० वाढवण्याआधी चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) कोरलेला कमाल आरपीएम, जॉ (चकचे जबडे) किती बाहेर आहेत आणि जॉब किती पकडलेला आहे, हे तपासा. टूल वाचवायला जाऊन जॉब चकमधून उडवायचा नाही.

यानंतरचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. स्पीड, फीड आणि ग्रेड तिन्ही एकदम बदलले आणि लाइफ वाढली, तरी कशामुळे वाढली ते कळत नाही. पुढच्या लॉटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फ्लँकची झीज

धारेखाली एकसारखा, समांतर, चकचकीत पट्टा दिसला तर ती चांगली बातमी समजा. झीज अशीच व्हायला हवी, कारण तिचा अंदाज बांधता येतो. आयएसओ ३६८५ प्रमाणे पट्टा एकसारखा असेल तर सरासरी ०.३ मिमी, आणि वेडावाकडा असेल तर जास्तीत जास्त ०.६ मिमी रुंद झाला की टूलचे आयुष्य संपले असे धरतात. फिनिशिंगला इतकी वाट बघू नका, ०.१५ ते ०.२ लाच साइज आणि फिनिश बिघडायला लागते.

हा पट्टा फार लवकर येत असेल, तर पहिला संशयित स्पीड. स्पीड आणि टूल लाइफचा संबंध सांगणाऱ्या टेलरच्या समीकरणात कार्बाइडसाठी घातांक साधारण ०.२५ धरतात. त्या हिशोबाने स्पीड २० टक्के वाढवला की लाइफ जवळपास निम्मी होते आणि १० टक्के कमी केला की दीडपट. फीडचा लाइफवर एवढा परिणाम होत नाही. म्हणून रफिंगमध्ये सायकल टाइम वाचवायचा असेल तर फीड वाढवा, स्पीड नको. बऱ्याच ठिकाणी नेमके उलटे चालते.

एन८ ला सीव्हीडी (जाड, उष्णता सोसणाऱ्या) कोटिंगच्या पी१५ ते पी२५ ग्रेडवर (पी म्हणजे स्टीलसाठी; आकडा वाढतो तशी ग्रेड चिवट) १८० ते २५० मीटर प्रति मिनिट ही चालणारी रेंज आहे. या रेंजमध्ये असूनही झीज झपाट्याने होत असेल तर:

मटेरियलची हार्डनेस बघा. नॉर्मलाइज्ड एन८ साधारण २०० बीएचएनच्या (ब्रिनेल हार्डनेसच्या) आसपास असतो. फोर्जिंगच्या एखाद्या लॉटमध्ये २५० च्या वर आकडा लागला, तर दोष टूलचा नाही. लॉट आल्यावर चार-पाच नग तपासणे हे इन्सर्टचे आख्खे खोके जाळण्यापेक्षा स्वस्त पडते.

फीड फार कमी आहे का ते बघा. ०.०५ च्या फीडला धार मटेरियल कापण्याऐवजी घासत राहते, कारण इन्सर्टची धार मुळातच थोडी गोलावलेली असते.

सेंटर हाइट, म्हणजे स्पिंडलच्या मध्याच्या तुलनेत धारेची उंची बघा. बाहेरच्या टर्निंगमध्ये टूल सेंटरच्या वर असेल तर क्लिअरन्स कमी होतो आणि फ्लँक घासतो. एक जॉब पूर्ण फेस करून मध्यभाग बघा. तिथे बारीक टोक उरले तर हाइट चुकलेली आहे. सेंटर ०.१ मिमीच्या आत हवे. बोरिंगमध्ये मात्र टूल किंचित वर ठेवलेले चालते, कारण लोड आल्यावर बार खाली दबतो.

धारेवर मटेरियल चिकटणे

एमएस (माइल्ड स्टील), एसएस ३०४ आणि अॅल्युमिनियम ही तिन्ही या दुखण्याची हक्काची गिऱ्हाइके. भिंगाखाली धारेवर मटेरियलचा चमकणारा गोळा दिसतो. तो निघतो तेव्हा कोटिंगचा पापुद्राही सोबत नेतो, म्हणून कित्येकदा हा दोष चिपिंगसारखा दिसतो.

मापातही तो ओळखू येतो. ओडी (बाहेरच्या व्यासाच्या) टर्निंगमध्ये गोळा वाढतो तेव्हा धार जणू पुढे येते आणि जॉब अंडरसाइज येतो. ऑपरेटर प्लस ऑफसेट (कंट्रोलरवर मापाची दुरुस्ती) देतो. तेवढ्यात गोळा निघून जातो आणि पुढचा जॉब एकदम ओव्हरसाइज. मग मायनस ऑफसेट. दिवसभर दोन-तीन शतांशाचा हा पाठशिवणीचा खेळ चालतो आणि शेवटी टूल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूवर दोषाचे बोट जाते. साइज एकाच दिशेने हळूहळू सरकत असेल तर झीज; मागे-पुढे उड्या मारत असेल तर आधी धारेवर काही चिकटले आहे का ते बघा.

उपाय या क्रमाने करा. पहिला, स्पीड वाढवा. एमएस ८० मीटरवर चालू असेल तर १५० च्या वर न्या. एसएस ३०४ साठी १२० ते १८० ची रेंज ठेवा. दुसरा, पीव्हीडी (पातळ) कोटिंगचा, धारदार पॉझिटिव्ह (हलके कापणाऱ्या) जॉमेट्रीचा इन्सर्ट घ्या. तिसरा, कूलंटची कॉन्सन्ट्रेशन वाढवा आणि नोझल बरोबर धारेवर आणा. अॅल्युमिनियमला कोटिंग नसलेला पॉलिश इन्सर्टच बरा. स्टीलवर छान चालणाऱ्या कोटिंगमध्ये अॅल्युमिनियमच असते, त्यामुळे ते जॉबच्या मटेरियलला ओढून घेते.

फेसिंगमध्ये एक अडचण कायमची आहे. जी९६ असला तरी आरपीएम जी५० ला अडकतो आणि सेंटरकडे जाताना स्पीड शून्यापर्यंत उतरतो. म्हणून फेसच्या मध्यभागी फिनिश खराब दिसते आणि तिथेच नोज तुटतो. जॉबला मध्ये ड्रिल होणारच असेल तर ते आधी करा आणि फेसिंग त्या व्यासाच्या थोडे आत जाऊन थांबवा.

धार तुटणे, खाच पडणे, वितळल्यासारखी दिसणे

धारेचे बारीक तुकडे उडाले असतील तर आधी ते कुठे उडालेत ते बघा. जो भाग कटमध्येच नाही, म्हणजे डेप्थच्या रेषेच्या पलीकडची धार तुटली असेल, तर ते चिपचे काम आहे. चिप वळून येते आणि रिकाम्या धारेवर आपटते. ग्रेड बदलून काही होणार नाही. चिपची दिशा बदला: फीड थोडा बदला, दुसरा चिपब्रेकर (चिप तोडणारी इन्सर्टवरची खाच) लावा किंवा वेगळ्या अप्रोच अँगलचा (धार जॉबला लागते तो कोन) होल्डर घ्या. कापणाऱ्या भागातच तुकडे उडाले असतील तर कटमध्ये खंड पडतोय, व्हायब्रेशन आहे किंवा ग्रेड फार कडक आहे. की-वे किंवा आडव्या भोकावरून कट जात असेल तर जास्त चिवट ग्रेड घ्या, पी१५ ऐवजी पी३५ कडे सरका, आणि धार जाड असलेली जॉमेट्री निवडा.

डेप्थच्या रेषेवरच खोल खाच पडली तर कारण पृष्ठभागात आहे. एसएस आधीच्या पासमध्ये कडक झालेले असते, फोर्जिंगवर स्केल असते, आणि शिरोली-गोकुळ शिरगावकडच्या फाउंड्रीतून येणाऱ्या सीआय (कास्ट आयर्न) कास्टिंगवर वाळू आणि कडक कातडी. कास्टिंगला पहिला पास कातडीच्या खालून घ्या, एका बाजूला २ ते २.५ मिमी. अर्धा मिमीचा घाबरत घेतलेला पास धारेला सगळ्यात महाग पडतो. एसएसला प्रत्येक पासची डेप्थ वेगळी ठेवा, म्हणजे खाच एकाच जागी पडत नाही. जमल्यास ९५ अंशांऐवजी ४५ अंशांचा अप्रोच घ्या.

वरच्या बाजूला खड्डा पडला असेल तर स्पीड कमी करा आणि अॅल्युमिना थर असलेली सीव्हीडी ग्रेड घ्या. नोज खाली बसल्यासारखा, दबल्यासारखा दिसला तर उष्णता आणि दाब दोन्ही जास्त आहेत; आधी स्पीड उतरवा, मग फीड. धारेला काटकोनात कंगव्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर कूलंट अधूनमधून पडतेय. ते एकतर भरपूर आणि सतत द्या, नाहीतर बंदच करा. सीआयला बंद ठेवलेलेच सोयीचे.

इन्सर्ट अख्खाच तुटतो तेव्हा

ही जागा सगळ्यात जास्त दुर्लक्षित असते, म्हणून इथे जरा थांबू. चालू जॉबवर, चालू पॅरामीटरवर इन्सर्ट अचानक मधून तुटायला लागले, तर ग्रेड बदलण्याआधी होल्डर टरेटवरून काढून टेबलवर आणा.

इन्सर्ट आणि क्लॅम्प काढा. पॉकेट (इन्सर्ट बसतो ती जागा) ब्रशने आणि एअरने साफ करा. एअर मारताना चष्मा लावा. शिमचा (इन्सर्टखालच्या आधाराच्या पट्टीचा) कॉर्नर बघा. मागे कधी इन्सर्ट तुटला तेव्हा शिमचा टवकाही बहुतेक उडालेला असतो आणि तो कोणी बदललेला नसतो. नोजच्या खाली आधार नाही म्हटल्यावर नवा इन्सर्ट पहिल्याच जॉबला जातो. आता इन्सर्ट बसवून घट्ट करा आणि ०.०२ मिमीची फीलर पट्टी खाली आणि मागच्या भिंतीकडून घालून बघा. शिरली तर पॉकेट दबलेले आहे किंवा मध्ये चिप अडकली आहे.

स्क्रू किती आवळायचा, याचा हिशोब सहसा मनगटावर सोडलेला असतो. टी१५ कीच्या एम३.५ स्क्रूला साधारण ३ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. कीला पाइप लावून आवळला तर स्क्रू ताणला जातो, इन्सर्ट ताणाखाली बसतो आणि पहिल्या धक्क्याला भोकातून चिरतो. डोके घासलेला स्क्रू वाचवण्यात अर्थ नाही. नवा स्क्रू आणि शिम तुटत जाणाऱ्या इन्सर्टपेक्षा स्वस्त पडतात.

चिप तुटत नाही

चांगली चिप आखूड असते, इंग्रजी 6 किंवा सी सारखी. लांब सुतासारखी चिप जॉबला गुंडाळते, फिनिश ओरखडते आणि ऑपरेटरचा हात कापते. चिप काढायची ती मशीन थांबवून आणि हुकनेच. हातमोजे घालून फिरत्या चकजवळ जाणे उघड्या हाताहून धोक्याचे.

फिनिशिंगमध्ये चिप न तुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नोज रेडियसच्या मानाने अपुरे मार्जिन (शेवटच्या पाससाठी ठेवलेले मटेरियल). डेप्थ किमान रेडियसच्या दोन तृतीयांश हवी. ०.८ च्या नोजला साधारण ०.५ मिमी एका बाजूला, म्हणजे व्यासावर १ मिमी. आपण ठेवतो व्यासावर ०.४, आणि मग चिपब्रेकरला दोष देतो. मार्जिन वाढवा, नाहीतर ०.४ चा नोज घ्या. त्यानंतरही चिप लांबच येत असेल तर फीड ०.०२-०.०३ ने वाढवत जा. रफिंगचा चिपब्रेकर फिनिशिंगला लावला तर चिप त्याच्या खाचेपर्यंत पोचतच नाही. खोक्यावर छापलेली फीड आणि डेप्थची रेंज वाचून घ्या.

चॅटर आणि खराब फिनिश

जॉबवर उमटलेल्या एकसारख्या लाटा आणि कर्कश आवाज म्हणजे चॅटर. आरपीएम शेवटी बदलायचा. आधी या गोष्टी बघा:

टूल किती बाहेर आहे? टूल वाकण्याचे प्रमाण लांबीच्या घनात वाढते. ओव्हरहँग फक्त २५ टक्के वाढला की टूल जवळपास दुप्पट वाकते. स्टीलची बोरिंग बार व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नका: २० ची बार ८० मिमीपर्यंत. कार्बाइड शँक साधारण सहापट चालते. जाडीचा फायदा तर चौथ्या घातात मिळतो. २० च्या जागी २५ ची बार बसली तर ती सुमारे अडीचपट ताठ. बोअरमध्ये मावेल तेवढी जाड बार घ्या, पण चिप बाहेर यायला जागा ठेवा.

जॉब किती बाहेर आहे? चकबाहेर व्यासाच्या तिप्पट लांबी गेली की टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावा. सॉफ्ट जॉ बोअर केलेला व्यास आणि जॉबचा व्यास जुळतात का, हेही बघा. जॉ फक्त टोकावर पकडत असेल तर जॉब डोलतो.

बारीक बोअरमध्ये ०.८ चा नोज आहे का? कमी डेप्थला मोठा नोज बारला बाजूला ढकलतो. ०.४ किंवा ०.२ घ्या.

एवढे झाल्यावर आरपीएम १० ते १५ टक्के खाली किंवा वर करून बघा. फीड कमी केल्याने चॅटर जातो हा समज मात्र सोडा. कित्येकदा फीड वाढवल्यावर टूल दाबून बसते आणि आवाज थांबतो.

चॅटर नाही, तरी फिनिश येत नाही, तर आधी हिशोब करा. आदर्श आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) मायक्रॉनमध्ये साधारण असा निघतो: फीड × फीड × ३२ ÷ नोज रेडियस. ०.८ नोजवर ०.२५ फीडला २.५ येतो, ०.१५ ला ०.९. ड्रॉइंगवर १.६ मागितला असेल आणि फीड ०.२५ असेल, तर कितीही भारी इन्सर्ट लावला तरी तो मिळणार नाही. आकडा हिशोबात बसत असूनही फिनिश खराब असेल, तरच झीज, चिकटलेले मटेरियल किंवा चिपचे ओरखडे शोधा.

पार्टिंग आणि ड्रिल

पार्टिंगचे (जॉब कापून वेगळा करण्याचे) टूल सेंटरजवळच तुटते, याला कारणे दोन. एक, सेंटर हाइट, इथे ०.१ मिमीची चूकही चालत नाही. दोन, शेवटपर्यंत तोच फीड. ३ मिमीच्या पार्टिंगला स्टीलमध्ये ०.०८ ते ०.१२ फीड ठीक आहे, पण सेंटर २ मिमीवर आले की तो एक चतुर्थांश करा. ब्लेड काटकोनात आहे का ते डायल (डायल इंडिकेटर) फिरवून बघा. कापलेला फेस बशीसारखा येत असेल तर संशय तिथेच घ्या.

एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलचे बाहेरचे कोपरे निळे पडून गोल झाले तर स्पीड जास्त आहे. १० मिमी ड्रिलला एन८ मध्ये ७०० आरपीएम म्हणजे २२ मीटर, तेवढे पुरे. दोन फ्लूटपैकी (ड्रिलवरच्या खाचांपैकी) एकीतूनच चिप येत असेल तर धार असमान लागली आहे आणि भोक मोठे होणार. ग्राइंडिंग पुन्हा करा. खोली व्यासाच्या तिपटीपलीकडे असेल तर जी८३ ने पेक घ्या (थोडे थोडे ड्रिल करून मागे या). सॉलिड कार्बाइड ड्रिल मात्र टरेटचे सेंटर स्पिंडलशी ०.०३ मिमीच्या आत जुळल्याशिवाय लावू नका. चकला डायल लावून होल्डरच्या बोअरमध्ये फिरवा, आकडा लगेच मिळतो.

कूलंट आणि कॉर्नर बदलण्याची वेळ

टर्निंगला ५ ते ८ टक्के कॉन्सन्ट्रेशन, एसएसला थोडी जास्त. रिफ्रॅक्टोमीटरचा (कूलंट तपासायच्या उपकरणाचा) आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. त्याला कॅनवर दिलेल्या फॅक्टरने गुणायचे. रीडिंग ४ आणि फॅक्टर १.५ असेल तर ६ टक्के. टाकीत नुसते पाणी ओतत राहिले की आकडा उतरत जातो आणि मग सगळ्या मशीनवर एकदम लाइफ घसरते. बनवताना तेल पाण्यात घाला, पाणी तेलात नाही.

कॉर्नर किती जॉबनंतर बदलायचा, हे इन्सर्ट तुटेपर्यंत वाट बघून ठरवू नका. एकाच लॉटवर चार कॉर्नर झिजेपर्यंत चालवा, प्रत्येकाचा आकडा लिहा. सरासरी घेऊ नका, सगळ्यात कमी आकडा घ्या आणि त्यातून १० ते १५ टक्के वजा करा. तो आकडा कंट्रोलरच्या टूल लाइफ काउंटरमध्ये टाका. चार आकडे ४०, ४२, ३९, ४१ असे आले तर प्रोसेस ठीक आहे. ४०, १२, ३५, ९ असे आले, तर काउंटर लावून उपयोग नाही. होल्डर टेबलवर आणा आणि शिमपासून सुरुवात करा.